अनंताची होडी

भंडारदरा, पौष १९४६. रविवार, तिन्हीसांजा.

आजही माणसं आली होडी बघायला. धरणावर फिरायला आलेला प्रत्येक जण आमच्या काठाशी थबकतोच. वर छप्पर, आत दोघांना निजायला जागा, कोपऱ्यात चूल आणि खिडकी चक्क गोल! अशी होडी कुणी पाहिलेलीच नसते. पण मग सगळे एकच विचारतात. आज राजूरची एक बाई त्या गोल खिडकीतून डोकावून म्हणाली, "लई झ्याक हाय. कुनी बांधली ओ?"

 काय सांगणार? आमच्या अनंतानं बांधली आणि तो लढाईवर गेला. ब्रह्मदेशातून त्याची पलटण परतली, तो नाही. सुभेदार घरी येऊन सांगून गेले की आशा धरू नका. ही, अनंताची आई, तेव्हा शेजारीच बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तरी आज हीच पुढं झाली. "माझ्या मुलानं बांधली. खिडकी मी मागितली होती, चहा करताना पाणी दिसावं म्हणून."

"मंग आमाला येक चक्कर मारून आना की!"

"तो आला की नेईल. संक्रांतीला या."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "व्हय का, बाबा? येऊ संक्रांतीला?"

हिनंही पाहिलं. किती आशेनं! निदान गप्प राहायचं होतं. तेही जमलं नाही.

"या," म्हणालो.

आता ही आत तीळ निवडत बसली आहे, आणि कितीतरी दिवसांनी काहीतरी गुणगुणते आहे. कोणत्या तोंडानं तिला थांबवू?