ओढ्याकाठचं वारूळ

२९ जुलै २०११, शुक्रवार

जाणार! नाही-नाही म्हणत शेवटी जाऊनच राहिले. रत्नाकरच्या टोळीतल्या एका बाईने ऐनवेळी नाव काढलं. तो म्हणाला, "आई, जागा रिकामीच जाईल, तू चल." जागा वाया जाते म्हटल्यावर माझ्याने नाही म्हणवेना. माझा हा स्वभाव पोराला बरोबर ठाऊक!

हे म्हणाले, "जाय ना. पोरगं करते काय ते पाहून तर ये. इथं बसून रोज त्याले बोलून राहिली." बोलते, खरं आहे. बँकेतली चांगली नोकरी सोडली आणि लोकांना पाखरं दाखवत फिरतो. पाखरं तर आमच्या गोरखपूर मोहल्ल्यात तारेवर बसलेली असतात. आणि हा लोकांना नेतो तेही भर पावसाळ्यात, पार कोकणाच्या टोकाला, घाटातल्या दाट रानात! म्हणे तिथला एक खंड्या पावसातच अंडी घालतो.

पण ही त्याची स्वतःची पहिली टोळी. "ही बिघडली तर पुढे कोणी येणार नाही, आई." असं बोलताना लहान असताना परीक्षेला जायचा तसा दिसला.

सासूबाईंची पितळी वाटी, हळदी-कुंकू, उदबत्ती, लाह्या घेतल्या. नागपंचमी तिकडेच येते. लाह्या तिकडे मिळतात की नाही कोण जाणे.

३० जुलै

पुढे रेल्वे पकडायची होती, तरी तिलवाऱ्याच्या पुलावर रत्नाकरने न सांगता जीप थांबवली. खाली नदीमाईला नाणं वाहिलं. म्हटलं, पोराची लाज राख.

१ ऑगस्ट, सोमवार

पोचलो. श्रावणी सोमवार, उपास, आणि अंगावर जळवा! दिवे लागायच्या वेळी तीन निघाल्या — एक गुडघ्यामागे. मीठ लावलं. शालिग्रामजी म्हणाले, "माताजी, इनका तो उपवास टूट गया!" सगळे हसले. मीही.

हे शालिग्रामजी आमच्याच शहरातल्या ओमतीला लोखंडाचे व्यापारी. कॅमेऱ्याची नळी माझ्या लाटण्याहून लांब. टोळीत पाचजण, पण बोलतात हे एकटेच. यांना आवडलं तर आणखी दहाजण येतील, असं रत्नाकर म्हणतो. म्हणून त्यांच्यामागे छत्री घेऊन फिरतो. मला ते आवडलं नाही.

घर रानाच्या कडेला आहे. पाऊस थांबतच नाही. अंथरूण ओलं, पोथी ओली, काडी पेटत नाही. झाडं इतकी उंच की वर पाहिलं तर मान दुखते. स्वयंपाकाला चंपाबाई. तिचा नवरा मोतीराम रानातला वाटाड्या. ती दोघं बोलतात ते मला अर्धं कळतं, माझं त्यांना अर्धं. तरी तिचं माझं जमलं. माझ्यासाठी कांदा-लसणाशिवाय वेगळी आमटी केली, न सांगता.

२ ऑगस्ट

सगळे घरटं पाहायला गेले. पलीकडून, रानातल्या वाटेने, बराच वळसा आहे म्हणतात. मी जळवांच्या भीतीने नाही गेले.

परत आले ते वरातीतून आल्यासारखे! खंड्या दिसला. मुठीएवढा, केशरी-जांभळा, तोंडात खेकडा धरून आला. आत दोन पिलं आहेत. चार-पाच दिवसांत उडतील. शालिग्रामजींनी रत्नाकरच्या पाठीवर थाप मारली — "वाह बेटा!" पोराचा चेहरा लग्नात होता त्याहून उजळ. घरटं मोतीरामने शोधलं होतं. तो दाराशी उभा राहून नुसता हसत होता.

मी म्हटलं, उद्या येईन. रत्नाकर म्हणाला, "खरंच, आई? चलो, मग परवा. उद्या दुसरीकडे जाऊन राहिलो." मी याला दोन वर्षं उगाच बोलले काय?

३ ऑगस्ट

स्वयंपाकघरामागच्या ओढ्यावर कपडे धुतले. काठाच्या मातीत वारूळ आहे! वर एक मूळ कोपरासारखं वाकलेलं, त्याखाली गोल भोक. इथल्या पावसात उंच वारूळ टिकत नसेल, म्हणून काठातच केलं असेल. परक्या मुलखातही नागोबाने माझी सोय केली.

४ ऑगस्ट, गुरुवार. नागपंचमी

पहाटे सगळ्यांच्या आधी उठले. चंपाबाईने दूध दिलं. "आमच्या घराकडे येवा, मातीचो नागोबा आणलाहा." हो म्हटलं. पण मनात आलं, खरं वारूळ समोर असताना मातीचा कशाला?

पूजा फार छान झाली. भोकाच्या तोंडाशी हळदी-कुंकू, मुळावर फूल. लाह्या चिमटीने आत सारल्या. दूध वाहिलं. उदबत्ती चिखलात खोचली, हातांचा आडोसा करून पेटवली तेव्हा कुठे धूर धरला. रत्नाकरसाठी मागितलं. तितक्यात सर आली, तशीच पळत घरात. वाटी तिथेच राहिली.

दुपारी

वाटी आणायला गेले तर नाही. कुंकूही नाही, फूलही नाही. पावसाने ओढ्यात नेलं असणार. सासूबाईंची वाटी! त्या हिला रोज चिंचेने घासायच्या.

आज माझी तब्येत नरम, म्हणून पाखरू पाहायला गेले नाही. बरं झालं म्हणावं का — सगळे तोंड पाडून आले. खंड्या येतो, समोरच्या फांदीवर बसतो, तोंडात मासा, पण आत जात नाही. चक्कर मारतो, निघून जातो. सकाळपासून तेच.

संध्याकाळी

लिहायलाच पाहिजे.

मी सहज शालिग्रामजींना म्हटलं, दाखवा तर तुमचा खंड्या. त्यांनी कॅमेऱ्यावर परवाचा फोटो दाखवला. खंड्या झाडावर नाही. मातीतल्या भोकाच्या तोंडाशी. आणि वर मूळ. कोपरासारखं वाकलेलं.

पाखरू जमिनीत घर करते हे मला कोणी सांगितलं नाही! मीही विचारलं नाही. घरटं म्हटलं की झाड, एवढंच मला ठाऊक.

ते पलीकडच्या काठावर बसून बघतात. मी अलीकडून पाय धुवायला जाते. एकच ओढा.

रत्नाकर काठाशी जाऊन भोकात बघून आला. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. "पिलं गेली. मुंग्या लागल्या." दुधाला, लाह्यांना. मीच बोलावल्या.

आजच्या दिवशी आम्ही चिरत नाही, तळत नाही, जमीन उकरत नाही. का, तर एखाद्या जिवाला लागू नये.

५ ऑगस्ट

काल जेवताना शालिग्रामजींनी मोतीरामचं नाव घेतलं. "किसी ने छेड़ा है। यही आदमी है, दूसरे ग्रुप को भी दिखाया होगा।" बाकीच्यांनी माना हलवल्या. मला वाटलं आता रत्नाकर बोलेल, मोतीराम तसा माणूस नाही म्हणेल. नाही बोलला.

सकाळी रत्नाकरने मोतीरामला अंगणात बोलावलं. "उद्यापासून येऊ नका. पुढच्या टोळीलाही नको."

मोतीराम म्हणाला, "मिया हात लावूक नाय, दादा. देवाशप्पथ."

"माझ्याजवळ दुसरा रस्ता नाही."

मी दाराआड होते. दोन पावलं टाकली असती तर अंगणात होते. नाही टाकली. शालिग्रामजी तिथेच चहा पीत होते. गाइडच्या आईनेच घरटं बुडवलं, असं कळलं असतं तर ओमतीपासून तिलवाऱ्यापर्यंत हसले असते. पोराचा धंदा तिथेच संपला असता. असं मी मला सांगितलं. अजून सांगून राहिले आहे.

चंपाबाई तरीही कामाला आली. भाकरी थापता थापता विचारलं, "तुमी आमच्याकडे येऊक नाय काल. दूध खंय घातलास?"

मी म्हटलं, तुळशीला.

या अंगणात तुळस नाही. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. पानावर मात्र माझी वेगळी आमटी होतीच.

६ ऑगस्ट

निघालो. मोतीराम वाटेत छत्री धरून उभा होता. जीपला हात केला. रत्नाकर काच खाली न करता पुढे बघत राहिला. मी हात जोडले. त्यालाही वाटलं असेल, निरोप घेऊन राहिली म्हातारी.

७ ऑगस्ट

रेल्वेत जप केला. आकडा लागेना. मणी हातात आणि डोळ्यापुढे फांदीवर बसलेलं ते पाखरू, तोंडात मासा. खर्चाचा हिशेब लिहायला घेतला तर तिथेही तेच. दोन पिलं आणि एका माणसाची भाकरी — कोणत्या रकान्यात लिहू?

८ ऑगस्ट, सोमवार

ठरवलं होतं, तिलवाऱ्याला रत्नाकरला सगळं सांगायचं. माईसमोर खोटं घेऊन पूल ओलांडायचा नाही.

स्टेशनवरून घरी येताना पुलावर त्याने जीप थांबवली. दोघंच उतरलो. पाणी लाल, दोन्ही काठ भरून. मी म्हटलं, "रत्नाकर, ते घरटं—"

"आई, राहू दे न ते आता."

"ऐक तर."

"झालं ते झालं. तू काहून जिवाला लावून घेते? पाखरांचं असंच असते." आणि जीपमध्ये जाऊन बसला. मागून शालिग्रामजी हाक मारत होते, "चलो भैया, भूख लगी है!"

नाणं मुठीतच राहिलं. वाहिलं नाही. कोणत्या तोंडाने वाहू?

९ ऑगस्ट

यांनी विचारलं, "काय मग, पाह्यली पाखरं?" म्हटलं, पाह्यली. "अन् पोरगं?" मी चहा ठेवायला उठले.

शालिग्रामजींचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात आठजण तयार आहेत. "घोंसले वाला किस्सा छोड़ो, उस आदमी को निकाल दिया, बस।" रत्नाकरने हे हसत सांगितलं. नवा वाटाड्या शोधून राहिला आहे.

१० ऑगस्ट, बुधवार

रत्नाकरचा रेनकोट धुवायला काढला. आतल्या खिशात काहीतरी जड लागलं. रुमालात गुंडाळलेली सासूबाईंची वाटी. रुमालावर कुंकवाचा डाग, कडेला दोन लाह्या चिकटलेल्या.

म्हणजे त्या सकाळीच त्याने वाटी उचलली, कुंकू पुसलं. मोतीरामला अंगणात बोलावलं त्याच्या आदल्या सकाळी.

वाटी चिंचेने घासली. त्याच्या ताटात मांडली आणि वरण तिच्यातच वाढलं. शेजारी मोतीरामचा फोन नंबर ठेवला आहे, पोराच्या मोबाईलमधून यांच्याकडून लिहून घेतलेला. रत्नाकर हात धुवून राहिला आहे. येऊ दे.