तीन आंब्यांच्या पुढची वाट

प्रिय सिस्टर,

परवा मी टांझानियाला निघते आहे. फाटलेल्या ओठांच्या मुलांची ऑपरेशनं करायला डॉक्टरांची जी टोळी दरवर्षी दोन आठवडे जाते, तिच्याबरोबर, भूल द्यायला. बॅग कॉटवर उघडी पडली आहे. मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, हात अजून ठणकतो आहे. सगळी तयारी झाली आणि काल आपल्या रिकव्हरी रूममध्ये एक पेशंट असं काही बोलला की तुम्हाला लिहिल्यावाचून राहवेना. तुम्हाला जाऊन दोन पावसाळे झाले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, मला ठाऊक नाही. पण सांगायचं तरी दुसऱ्या कोणाला? आमचे हे म्हणतील, तुझी झोप होत नाहीये.

कालचं शेवटी सांगते. अधलंमधलं ऐकायला तुम्हाला कधी आवडलं नाही.

गेल्या वर्षीही त्या टोळीतल्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं. मी सासूबाईंच्या गुडघ्यांचं निमित्त सांगून नाही म्हटलं. गुडघे त्यांचे दुखत होतेच, पण खरी गोष्ट वेगळी होती. तुमच्याशिवाय पेशंट उठवायची मला भीती वाटायला लागली होती. झोपवायची नाही, उठवायची. झोपवायला औषध असतं.

तुमची पद्धत आठवते ना? पेठ-सुरगाण्याकडची माणसं थिएटरच्या दिव्याखाली आडवी झाली की सशासारखी थरथरायची. तुम्ही त्यांचा हात धरून विचारायचात, "तुमच्या घरी यायचं तर कुठनं यायचं हो?" माणूस सांगायला लागायचा. एस्टी कुठे सोडायची, कुठल्या वडापाशी वळायचं. मी सुई टोचलेली असायची आणि तो अर्ध्या वाटेवर झोपून जायचा. ऑपरेशन संपलं की तुम्ही त्याच्या कानाशी वाकून त्याला घरातल्या नावाने हाक मारायचात. केसपेपरवरच्या नावाने कधीच नाही. "कागदावरच्या नावाला माणूस वळून बघत नाही," म्हणायचात. त्याने डोळे किलकिले केले की विचारायचात, "पुढं?" आणि वाट जिथे सुटली होती तिथूनच तो पुढे सांगायला लागायचा. वाट जुळली की तुम्ही म्हणायचात, "आला गं पोरी, आला परत."

सुरुवातीला मला हे सगळं नाटक वाटायचं. मग इतकी सवय झाली की तुम्ही रजेवर असलात की मला केस घेऊ नयेसं वाटायचं.

आणि मग तुमच्याच पोटात गाठ निघाली. "भूल हीच देईल," असं तुम्ही सगळ्यांना बजावलंत. मी तुमचा हात धरला. घरातलं नाव विचारलं तर हसलात. "सिस्टरच म्हण. सगळा जन्म त्याच नावाने उठतेय मी." मग मी विचारलं, तुमच्या घरी यायचं तर कुठून यायचं? मला वाटलं, पंचवटीतल्या भाजीबाजारामागच्या त्या खोलीची वाट सांगाल. पण तुम्ही म्हणालात, "घोटीला उतरायचं. फाटकापासनं डाव्या हाताला. खाचरांच्या बांधावरून सरळ चालत राहायचं. मग तीन आंबे लागतात. आंब्यांच्या पुढं..."

आणि झोपलात.

ऑपरेशन अगदी नीट झालं. मी तुमच्या कानाशी वाकले. सिस्टर म्हटलं, कुसुमताई म्हटलं, पुढं, पुढं असं कितीदा विचारलं. तुमचे ओठ हलले. आवाज आला नाही. मग एकाएकी सगळं थांबलं. फुफ्फुसात गुठळी गेली होती, कोणाच्या हातात काही नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी मला समोर बसवून हेच सांगितलं आणि मला ते पटलंही. पण तुमची वाट तीन आंब्यांपाशी सुटली ती सुटलीच. तुमच्या सासरच्या पुतण्याने सगळं केलं. त्याला विचारलं, यांचं माहेर कुठलं? तो म्हणाला, काकू कधी बोलली नाही.

का नाही बोललात? इतकी वर्षं एका डब्यात जेवलो आपण.

तुमच्यानंतर मी तुमचीच पद्धत चालू ठेवली. दुसरी येतच नव्हती. महिनाभराने पेठकडची एक बाई आली. झोपताना तिने तिच्या पाड्याची वाट अर्धी सांगितली. उठताना मी "पुढं?" म्हटलं, तर डोळे न उघडता म्हणाली, "आंब्यांच्या पुढं वढा हाय. दगडांवरनं पाय टाकत यायचं. मधला दगुड हलतो."

मला वाटलं, तिच्याच वाटेवर आंबे असतील. संध्याकाळी तिच्या नवऱ्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "आमच्याकडं कुठला वढा, बाई? समदा उघडा माळ. आंबा त नायच एक."

भुलीतून उठताना माणसं काहीबाही बोलतात, हे मीच नातेवाइकांना सांगते. तसंच स्वतःलाही सांगितलं.

मग आपल्या द्वारका चौकातला रिक्षावाला, सलीमभाई. हातात रॉड घालायचा होता. घरची वाट सांगता सांगता झोपेपर्यंत त्याची गाडी सारडा सर्कलपर्यंत आली होती, तीही त्याच्या नेहमीच्या हिंदीत, "फिर उधरसे राइट मारनेका." उठताना मी विचारलं, "पुढं?" तो माणूस घाटावरच्या म्हाताऱ्यासारखा सावकाश बोलायला लागला, "वढ्यापल्याड मारुती हाय. त्याला वळसा घालायचा. वरच्या अंगाला आमचं घर. दारात उखळ हाय. दार लोटलेलं असतं. हाक मारायची."

आमचं घर, म्हणाला तो. मी विचारलं, कोणाला हाक मारायची? काय म्हणून? तो नुसता वाट बघितल्यासारखा पडून राहिला. मग नेहमीचा सलीमभाई डोळे चोळत म्हणाला, "हो गया क्या, मॅडम?"

तेव्हापासून रिकव्हरीत जायचं म्हटलं की माझे पाय जड व्हायला लागले. दर वेळी वाटायचं, हा पेशंट स्वतःच्या वाटेने परत येईल, की तुमच्या वाटेला लागेल? आणि तुमच्या वाटेला लागून दारापाशी थांबलेला एखादा तिथेच राहिला तर? माणूस वाट चुकला तर त्याला परत कोण आणणार? तुम्ही असतात तर तुम्हाला विचारलं असतं.

या वर्षी टांझानियाचं पुन्हा विचारलं तेव्हा मी उत्तर द्यायला वेळ मागून घेतला आणि मे महिन्यातल्या एका रविवारी कोणाला न सांगता घोटीला उतरले. फाटकापासून डावीकडे गेले. बांधावरून चालत राहिले आणि बांध संपला तिथे धरण होतं.

तुमचं माहेर पाण्याखाली गेलं होतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळावं? माहेर बुडालेली बाई तुम्ही, आणि दिवाळीला माझी माहेरची बॅग भरायला मदत करायचात!

पण उन्हाळ्याने पाणी पार आत हटलं होतं. भेगाळलेल्या गाळात तीन काळी खोडं उभी होती. मी चपला हातात घेऊन उतरले. पुढे ओढ्याची रेघ होती आणि तिच्यात दगड. मधल्या दगडावर पाय ठेवला आणि तो हलला.

भर दुपार होती. अशा वेळी तिठ्यावरसुद्धा उभं राहू नये म्हणतात, मी तर बुडालेल्या गावात उभी होते. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर पाण्याने नेला होता, नुसता दगड उरला होता. त्याच्या सावलीत एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. मी त्याला विचारलं, वरच्या अंगाला ज्यांच्या दारात उखळ होतं ते घर कोणाचं?

"त्र्यंबकदादाचं," तो म्हणाला. "तुमी कोण त्यांच्या?"

"त्यांची मुलगी नाशिकला नर्स होती. मी तिच्या हाताखालची."

"भागी?" म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "आमच्या बरुबरची. लय धीट पोर. लगीन झालं आन् गेली. सासरी नाव बदाललं म्हनं तिचं, काय ठेवलं कुनास ठावं. मंग गावच गेलं, ती येनार कुटं? बरी हाय का?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

मलाही लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून नवं नाव दिलं. नीलिमा हे सासरचं. ते मला कधी टोचलं नाही, कोणाला टोचतं? पण तिथे उन्हात उभी राहून मला हे कळलं की त्या दिवशी तुम्ही निघाला होतात माहेरच्या वाटेने आणि मी तुम्हाला मागून हाका मारत होते त्या सासरच्या नावाने आणि हुद्द्याने. त्या वाटेवरच्या पोरीला ती नावं ओळखीचीच नव्हती. ती कशी वळून बघणार?

मी वर चढले. जोत्याचे चार दगड आणि उखळ एवढंच उरलं होतं. उखळात पाणी साचलं होतं. सगळा गाळ वाळून खडखडीत झालेला आणि उखळ मात्र काठोकाठ भरलेलं. मी हाक मारली. आधी हळू, मग जोरात. "भागी!"

कोणी ओ दिली नाही. पण म्हाताऱ्याच्या सगळ्या शेळ्यांनी चरता चरता माना वर केल्या. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, जिथे दार असायला हवं होतं तिथे बघत राहिल्या. उखळातलं पाणी हललं. वारा अजिबात नव्हता. मी वळून बघितलं नाही, सिस्टर. एवढं धैर्य माझ्यात नाही. मी नुसतं म्हटलं, "पोचलात ना? मग मी येते," आणि उतरले.

त्यानंतर एकाही पेशंटने तुमची वाट सांगितली नाही. जो तो आपापल्या वाटेने उठतो, आपल्याच घरी पोचतो. मला सुटल्यासारखं वाटलं, मी टांझानियाला होकार कळवला. आणि आठवड्याभरातच रिकव्हरीत इतकं एकटं वाटायला लागलं की एकदा तर मी लिननच्या कपाटाआड जाऊन रडले. आता परक्या देशात, परक्या भाषेत, एकटीने लेकरं उठवायची होती.

भाषेची सोय झाली. भद्रकालीत हार्डवेअरचं दुकान असलेले शहाकाका तिकडेच जन्मलेले. त्यांनी चहा पाजून पाजून मला तुमचे दोन्ही प्रश्न तिकडच्या स्वाहिलीत शिकवले. घरची वाट कुठली, ते जरा लांबलचक आहे. "पुढं?" मात्र सोपं आहे. हलाफू?

तेच शहाकाका काल आपल्या टेबलावर होते, पित्ताच्या खड्यांसाठी. सराव म्हणून मी त्यांना त्यांच्या जन्मगावच्या घराची वाट विचारली. बंदर, मासळीबाजार, मोठी चिंच, आणि झोपले. उठताना मी त्यांना घरातल्या नावाने हाक मारली आणि कानाशी म्हटलं, "हलाफू?"

"चिंचेच्या पुढं निळा दरवाजा," ते डोळे मिटूनच म्हणाले. "आमचाच. पण दारात बाई उभी आहे. नर्स. पांढरी साडी, पदर कमरेला खोचलेला. मी म्हटलं, बेन, तुम्ही मराठी माणूस इथं कुठं? तर म्हणते, भागी म्हणतात मला. मागून आमची पोरगी येतेय, म्हणून पुढं आले."

ते नाव मी घरातसुद्धा उच्चारलेलं नाही. धरणाकाठचा तो म्हातारा आणि मी, आम्हा दोघांखेरीज ते कोणाला माहीत आहे? शहाकाका शुद्धीवर आल्यावर मी पुन्हा विचारलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. चहा कधी मिळेल, एवढंच विचारत होते.

घाबरले मी, खोटं कशाला सांगू? काल संध्याकाळपासून बॅगेत एक वस्तू ठेवते आणि दारांकडे बघते. पण राग पण येतो आहे तुमचा. एवढ्या उन्हात जाऊन तुम्हाला घरी पोचवून आले, आणि तुम्ही तिथे घटकाभर टेकलातसुद्धा नाही? ड्युटी संपली तरी थांबायची खोड गेली नाहीच ना तुमची?

बरं. आता तिकडे गेलाच आहात तर ऐका. मी तिथल्या एकेका लेकराला आधी घरातलं नाव विचारीन. केसपेपर नंतर बघेन. अर्ध्या वाटेवर कोणाचा हात सोडणार नाही, आणि वाट जुळेपर्यंत टेबलापासून हलणार नाही. हा माझा शब्द. तुम्ही निळ्या दारात उभ्या राहा किंवा कुठेही उभ्या राहा. मी वळून बघेन की नाही, ते आत्ता सांगता येत नाही.

आणि एक राहिलंच. मी कधी टेबलावर आडवी झाले नाही, म्हणून माझं घरातलं नाव तुम्ही कधी विचारलं नाहीत. सांगून ठेवते. कधी मीच वाट चुकले, तर याच नावाने हाक मारा. डॉक्टर नको, नीलिमाही नको. त्या नावांना मी वळणार नाही.

येते.

तुमची,
ठकू