सात नंबरची खिडकी

९ मार्च, शनिवार

प्रिय धाकटी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही इकडे ठीक आहोत. माझा गुडघा मधूनमधून कुरकुरतो, पण कुरकुरण्याचं सगळं काम तुझ्या भाऊजींनी स्वतःकडे घेतल्यामुळे गुडघ्याला फारसा वाव मिळत नाही. त्यांचा चष्मा पुन्हा बदलला. आता त्यांना वर्तमानपत्र दिसतं आणि माझ्या चुकाही.

तबेलेवाल्याने तुला प्रदर्शनात उतरवायला चार वर्षांची घोडी देऊ केली हे मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चारा त्याचा, मेहनत आणि प्रदर्शनाचा खर्च तुझा, बक्षीस निम्मं निम्मं. यात विचार करण्यासारखं काय आहे? अकरा वर्षं तू लोकांचे पडदे शिवते आहेस. छान शिवतेस, मान्य. पण पडद्याच्या पाठीवर थाप मारून कुणाला आनंद झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

तू मला दोन गोष्टी विचारल्यास. प्रदर्शनाचा खर्च कमीत कमी कसा ठेवायचा, आणि मी एकतीस वर्षं रेसकोर्सच्या तिकीट खिडकीवर बसले, तर शर्यतीवर शहाणपणाने पैसे लावून हा खर्च भागवता येईल का. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे आहेत. माझ्याकडे उत्तर नाही असं आजवर कधी झालंय?

आधी प्रदर्शन. घोडी बाहेरगावी न्यायला एकटीने गाडी ठरवू नकोस. तबेल्यातल्या आणखी दोघांना गाठ, तिघांत एक गाडी करा, पहाटे निघा आणि त्याच दिवशी परत या. मैदानावर रात्रीपुरती जागा घेतली की भाडं तर जातंच, वर घोडी परक्या ठिकाणी जागून सकाळी उतरल्या तोंडाने रिंगणात येते. गवत घरचं ने, पाणीही घरचं ने. आयाळीच्या वेण्या घालायला माणूस लावायचा नाही. बोटं ओली करून आयाळीच्या बटा पाडायच्या आणि तिच्याच रंगाच्या जाड दोऱ्याने वेणी शिवून टाकायची. ती रिंगणात सुटत नाही. अंगावर काळा कोट जुनाच असू दे, बाह्यांच्या कडा झिजल्या की उलटवून शिव. परीक्षक घोडीला बघतो, तुझ्या बाहीला नाही. आणि एका दिवसात पाच पाच गटांत नाव घालणाऱ्या हौशी बायकांच्या नादी लागू नकोस. प्रत्येक गटाची फी वेगळी, आणि तिसऱ्या गटापर्यंत घोडी कंटाळून शेपटी झटकायला लागते. दोनच गट निवड, ज्यांत ती उठून दिसेल.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्यायचा नाही. नालबंद चांगलाच हवा. आणि खोगीर जुनं चालेल, पण त्याचा पोटाखालून आवळायचा पट्टा नवा हवा. तो तुटला तर वाचवलेलं सगळं हाड जुळवण्यात जाईल.

आता शर्यत. माझी खिडकी तुला ठाऊक आहे, सात नंबरची. काचेला अर्ध्यावर रंग दिलेला आणि खाली हात जाईल एवढीच फट. समोरच्याने वाकून बघितलं तरच चेहरा दिसायचा, एरवी नुसते हात. त्यामुळे घोड्यांबद्दल मला जेवढं कळतं त्याच्या दसपट हातांबद्दल कळतं. मागच्या शर्यतीत गेलेले पैसे परत मिळवायला आलेला हात नोट चुरगळून पुढे करतो. शर्यत सुटायच्या अगदी आधी धावत आलेला हात नंबर सांगताना बदलतो. शहाणा हात म्हणावा असा मला इतक्या वर्षांत एकच आठवतो. त्याला खडू लागलेला असायचा, बहुतेक कुणी शिक्षिका असावी. महिन्यातून एकदा, एकच नोट, एकच शर्यत. जिंकली तरी पुन्हा रांगेत नाही आणि हरली तरी नाही.

मी निवृत्त झाल्यावर तिचंच बघून शिकले. नोकरीत असताना आम्हाला पैसे लावायची बंदी होती, आता महिन्यातून एकदा जाते. सिनेमाला जातील एवढेच पैसे नेते आणि परतीचं बसचं तिकीट आधी काढून ठेवते. जिंकल्यास रुपयाला किती मिळतील तो भाव बघायच्या आधी घोडा बघते, कारण भाव एकदा बघितला की मग घोडा दिसतच नाही. पळायच्या आधीच जो घामाने भिजलाय, त्याच्यावर पैसे लावत नाही. तू तर आणखी सांभाळ. तुझी नजर प्रदर्शनाची, तू मान आणि कांती बघून भुलशील, आणि कांती काही धावत नाही. वर्षभरात माझं थोडं गेलं, थोडं आलं, आणि बारा दुपारी मजेत गेल्या. शर्यतीचा शहाणपणा म्हणतात तो एवढाच. त्यातून घोडीचा खर्च काढायचा विचार मनातून काढून टाक. घर चालवायला म्हणून पैसे लावणारे हात मी पाहिलेत.

तू लिहिलंस की तुमच्या घरात शर्यतीतलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं, आणि मेहुण्यांनी तर जन्मात रेसकोर्सचं फाटक पाहिलं नाही. बरं. मेहुण्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तुमचा कारखाना विकून अकरा, आता त्याचं काय.

तबेलेवाल्याला हो म्हणून टाक. घोडीचा रंग कळव.

तुझी ताई


१५ मार्च, शुक्रवार

प्रिय धाकटी,

आशीर्वाद. तुझं पत्र काल आलं. पाच ओळी. तुला माझी काटकसर वाचून हसू आलं, घोडी तांबडी आहे, कपाळावर पांढरा ठिपका आहे, आणि तू सोमवारी तबेलेवाल्याला नाही म्हणणार आहेस. शेवटची ओळ मी तीनदा वाचली. ‘माझ्या हौसेने एकदा घर बुडवलं ताई, ह्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, पण म्हणून मी विसरायचं का?’

हे पत्र मी शेजारच्या बस कंडक्टरच्या हाती पाठवते आहे, म्हणजे ते रविवारी तुला मिळेल. फोन केला असता. पण फोनवर तू ‘असू दे गं’ म्हणतेस आणि मला गप्प बसायला तेवढं पुरतं. मागच्या पत्रातही मी अशीच गप्प बसले. पानभर उपदेश लिहिला आणि जे लिहायचं होतं त्याच्या बाजूने निघून गेले.

तेव्हा ऐक. घर तुझ्या हौसेने बुडालं नाही. मेहुणे शर्यतीवर पैसे लावत होते. साडेतीन वर्षं लावत होते, आणि माझ्याच खिडकीवर.

पहिल्यांदा मला त्यांचा हात दिसला. उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. कारखान्यात लेथवर बोट गेलं तेव्हा दवाखान्यात मी तुझ्याबरोबर बसले होते, मी तो हात कसा ओळखणार नाही? मी नोट घेतली, तिकीट दिलं. दुसऱ्या शनिवारी ते वाकले आणि फटीतून त्यांनी मला पाहिलं. म्हणाले, “ताई, तिला बोलू नका. एकदा मोठा भाव लागला की बंद.”

मी काहीच बोलले नाही. त्यानंतर ते दुसऱ्या खिडकीवर गेलेच नाहीत. बाजूच्या दोन खिडक्या रिकाम्या असल्या तरी माझ्या रांगेत उभे राहायचे. दुसऱ्या खिडकीवरचं कुणी कुठेतरी बोलून गेलं असतं, मी सांगणार नाही याची त्यांना खात्री होती. आणि खरं सांगते, मला त्याचं थोडं बरं वाटायचं. माझ्यावर कुणी एवढा भरवसा टाकतंय असं वाटायचं. खिडकीच्या आतल्याने बाहेरच्याशी बोलायचं नाही हा आमचा नियम होता आणि मी तो नियम पांघरून बसले. पण नियम रेसकोर्सच्या फाटकापर्यंतच होता. तेव्हा तू याच गावात होतीस, तुझ्या स्वयंपाकघरात दर रविवारी मी चहा प्यायला यायचे, तिथे कुठला नियम होता?

सुरुवातीला त्यांची नोट सरळ असायची. शेवटच्या वर्षी चुरगळलेली. कारखाना विकला त्यानंतर ते कधी आले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्याच्या कारखान्यात त्यांनी मान खाली घालून पाच वर्षं काम केलं. त्याआधीही तुझ्या एकूण एक प्रदर्शनाला ते कठड्याशी उभे असायचे, घोडी रिंगणात आली की टोपी काढायचे. ते वाईट नव्हते, धाकटे. एवढी एक गोष्ट त्यांना आवरली नाही, आणि तू ती स्वतःच्या अंगावर घेतलीस तेव्हा त्यांनी घेऊ दिली.

आता माझं. कारखान्याचा सौदा ठरला त्या आठवड्यात तू माझ्याकडे आलीस. जेवणाच्या टेबलावर प्रदर्शनांच्या फीच्या पावत्या पसरून बसलीस आणि म्हणालीस, यातच गेलं सगळं. मी समोर होते. मला सगळं ठाऊक होतं. आणि मी तुला म्हणाले, “विकून टाक घोडी. हौस घरापेक्षा मोठी नसते.” तू दुसऱ्याच दिवशी विकलीस. माझं तू नेहमीच ऐकत आलीस. त्या वाक्याची मला लाज वाटते, आणि गेली अकरा वर्षं वाटत आली आहे. मेहुणे होते तोवर त्यांच्यासाठी गप्प बसले असं म्हणता येईल. ते गेल्यानंतरची सहा वर्षं मी फक्त स्वतःसाठी गप्प होते. तू मला तोडशील ही भीती होती, दुसरं काही नाही.

मागच्या पत्रातली काटकसर वाचून तुला हसू आलं म्हणतेस. मी जन्मात घोड्यावर बसले नाही, मला ती कुणी शिकवली असेल? तिघांत गाडी तू करायचीस. पाण्याची पिंपं घरून तू न्यायचीस. सात वर्षं एकच कोट घातलास आणि त्याच्या बाह्या दोनदा उलटवल्यास, दुसऱ्यांदा तर माझ्याच मशीनवर. तुझा वर्षभराचा प्रदर्शनाचा खर्च मेहुण्यांच्या एका महिन्याच्या शनिवारांत बसत होता. हे मी अंदाजाने लिहीत नाही, तिकिटं मीच दिली होती.

हे वाचून तुला त्यांचा राग येईल, माझा त्याहून जास्त येईल. यायलाच हवा. तुझ्या भाऊजींना मी आज सकाळी सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि मग म्हणाले, आधी तिला लिही, मग जेव. त्यांनी आयुष्यात मला दिलेला हा पहिला सल्ला, आणि बरोबर निघाला.

माफी मागून मी तुझ्यावर आणखी एक काम टाकणार नाही. तुला वाटलं तर कर, नाही वाटलं तर नको. येणं-जाणं, पत्रं, फोन, सगळं बंद केलंस तरी मी त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. न बोलणं मला चांगलं जमतं, हे आता तुला कळलंच आहे.

पण सोमवारी तबेल्यात जा आणि हो म्हण. माझ्यावर चिडलेली असशील तर चिडलेलीच जा. माझ्याशिवाय तुझं काही अडणार नाही. पण त्या तांबडीला नाही म्हणालीस, तर ती घोडीही मीच तुला विकायला लावली असं होईल.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझी ताई