बुरान जिथे पसरला

टॉम्स्क, १४ ऑक्टोबर

रिम्मा,

तू बरी असशील. इथे काल पहिला बर्फ पडला आणि दुपारी विरघळलाही. गुडघे वयाला शोभतील इतपत दुखतात. कोबी खारवून झाला. दहा महिन्यांनी माझं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवशील. ठेव, पण चहा झाल्यावर पुन्हा उचल. नऊ नोव्हेंबरला माझ्या एफिमला जाऊन वर्ष होतं. त्या दिवशी तू जेवायला यावंस म्हणून लिहितेय. कोणत्या तोंडाने बोलावतेय ते शेवटी सांगते. आधी बोक्याचं सांगते, ते सोपं आहे.

आमचं नदीकाठचं लाकडी घर पाडायला काढलं आणि त्याच्या बदली मला नवा फ्लॅट मिळाला. पाचवा मजला. लिफ्ट आहे, तिच्या मनात आलं तर चालते. सप्टेंबरात सामान हलवलं. नव्या घरात आधी मांजराने शिरायचं, हे काही मला कुणी शिकवायला नको. बुरानला टोपलीतून वर नेलं आणि दारात सोडलं. मागे मी, माझी अल्या आणि कपाट उचललेले दोन हमाल. बुरान उंबरठ्यावर बसला आणि पंजा चाटू लागला. एकेक बोट फाकवून, मधल्या केसांच्या झुबक्यांसकट. मग दुसरा पंजा.

पुढचा हमाल म्हणाला, "असू दे, मावशी. साहेब कागद तपासतायत." मागच्याला कपाटाशिवाय काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या दारातून फाईना साव्हेल्येव्ना बाहेर आली. तिच्या मांजरीला जातीचे, शिक्क्याचे कागद आहेत, हे तिने स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगितलं. बुरानकडे वाकून बघितलं आणि विचारलं, हा कोण. मी म्हटलं, सैबेरियन, आणखी कोण असणार. तर म्हणाली, प्रत्येक केसाळ बोक्याला लोक सैबेरियन म्हणतात. याचे कान उंच आहेत, कपाळ चपटं आहे.

मी वाचनालयातलं मांजरांचं पुस्तक दोनदा वाचलंय, तुला माहीत आहे मी कशी वाचते ते. मी तिला ऐकवलं. अंगावर केसांचे तीन थर, पाणी कातडीपर्यंत जात नाही. गळ्याभोवती आयाळ, हिवाळ्यात तर पाद्र्याच्या दाढीएवढी. शेपूट झाडूसारखी. मागचे पाय लांब, म्हणून उडी मोठी. पूर्ण वाढ व्हायला पाच वर्षं लागतात. हा नऊ किलोंवर थांबला. स्वभाव शांत, पण माणूस एकदा निवडला की त्याच्याच मागे फिरणार. आणि मूळ म्हणशील तर ही मांजरं शेकडो वर्षं कोठारांत उंदीर मारत होती, चुलीच्या उबेला झोपत होती. कागदावर त्यांची जात लिहिली ती आपले केस पिकायला लागल्यावर.

"पण याचे कागद कुठायत?" ती म्हणाली.

"फाईना साव्हेल्येव्ना, तुमच्या आजोबांचे दाखवता?"

पुढचा हमाल इतका हसला की कपाटाचा कोपरा तिच्या दारावर आपटला. ती अजून माझ्याशी बोलत नाही. एरवी बाई चांगली आहे.

शेवटी बुरान उठला. स्वयंपाकघर बघितलं, खोली बघितली, उन्हातली खिडकी बघितली, आणि परत येऊन बाहेरच्या दाराशी पसरला, नाक दाराखालच्या फटीला लावून. मांजर जिथे पसरेल तिथे पलंग. म्हणून माझा पलंग पॅसेजमध्ये आहे.

अल्याने कपाळावर हात मारला. आई, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक पलंगावरून चढून येतील. येतातही. टपालवाली आता पायाशी बसून पाकिटं लावते. डॉक्टरीणबाई परवा गुडघ्यावर रांगत आत आल्या आणि आधी स्वतःचाच रक्तदाब मोजून घेतला.

सगळ्यांना मी सांगत होते, तीन थरांचा बोका, त्याला फटीतला गार वारा हवा असतो. पुस्तकातही तसंच आहे. पण ते खरं नाही. रोज साडेपाचला, एफिम गोदीतून यायचा त्या वेळेला, बुरान उठून बसतो. लिफ्टचा आवाज आला की शेपूट वर. पावलं दुसरीकडे गेली की पुन्हा आडवा. एफिमने या इमारतीत कधी पाऊलही टाकलेलं नाही, हे त्याला कोण सांगणार.

आणि नुसतं बोक्यावर ढकलणं बरं नाही. साडेपाचला मीही उठून बसते.

आता ते दुसरं. चाळिसाव्या दिवशी तू एफिमचे कपडे वाटून टाकलेस, वाटायचे असतात तसे. त्यात त्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट गेला, ज्यावर बुरान झोपायचा. त्याच्या थडग्यावरून परत आल्यावर खुंटी रिकामी दिसली आणि मी भरल्या टेबलासमोर तुला चोर म्हटलं. तू शाल गुंडाळलीस आणि स्टेशनवर गेलीस.

रिम्मा, त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मीच तुला सांगितलं होतं, "सगळं घेऊन जा, मला डोळ्यांसमोर नको." आपल्या दोघींनाच ते माहीत होतं. तुला ते सगळ्यांसमोर म्हणता आलं असतं. तू म्हणाली नाहीस, आणि मी दहा महिने त्याचा फायदा घेतला. अल्यालाही खरं वाटत होतं. आज सकाळी तिला सांगून टाकलं. तिने चहातला चमचा काढून बशीत ठेवला. मग म्हणाली, "मावशीला फोन का नाही केलास?" मी म्हटलं, फोनवर मी रडले असते आणि तीच मला समजावत बसली असती. ते पुन्हा तिच्या माथी नको.

नऊ तारखेला बाकीच्यांनाही मीच सांगणार आहे, जेवायला बसण्याआधी. तू समोर असावीस एवढंच. नाही आलीस तरी सांगेन.

आदल्या दिवशीच ये. पाचवा मजला, डावीकडचं दार. ते पलंगाला अडतं, अर्धंच उघडतं. लाजू नकोस, जोर लावून ढकल. आम्ही दोघं सरकू.

जिने तुला चोर म्हटलं ती,
तुझी ताई,
झोया