आधी तुमचं घर, मग माझं

ति. ओमोलोदादांस (मुक्काम मोंबासा, भाड्याची खोली),

धाकट्या ओग्वेनोचा वाकून नमस्कार. तुमची प्रकृती उत्तम असणारच. समुद्राची हवा आणि कसलीही जबाबदारी नसणं, दोन्ही गोष्टी माणसाला मानवतात. (हा टोमणा नाही. असलाच तर प्रेमाचा आहे.) रोझेलिनावहिनी बहिणीकडून परत आल्या असतील तर त्यांनाही नमस्कार; नसतील तर तिकडे कळवा. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं असं समजा.

नाकुरूच्या पाणी खात्यातून निवृत्त होण्याआधी आम्हाला एका शिबिराला बसवलं होतं. विषय, निवृत्तीनंतरचं अर्थपूर्ण जीवन. शिकवायला घट्ट सुटातला एक तरुण. रोज सकाळी कशासाठी उठावंसं वाटेल ते लिहा, म्हणाला. माझ्या शेजारच्या किप्रोनोनं 'लघवीसाठी' असं लिहिलं, आणि आता कळतं की अख्ख्या वर्गात तोच एक व्यवहारी माणूस होता. मी पानभर लिहिलं: गावी टेकडीच्या उतारावर स्वतःचं घर, मागे मधमाश्या, ओसरीवर गावातल्या मुलांची संध्याकाळची शाळा, आणि अपोंडीला तिची स्वतःची चूल. तरुण खूश झाला. पहिलं पाऊल कोणतं, म्हणाला. मी म्हटलं, थोरल्या भावानं आधी घर बांधणं. आमच्या रिवाजात तो बांधेपर्यंत मला काठीसुद्धा रोवता येत नाही. तो म्हणाला, बाबा, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलू नका. नैरोबीत वाढलेला पोरगा, त्याला काय कप्पाळ कळणार!

तर निवृत्त होऊन आम्ही बाबांच्या आवारातल्या माझ्या सिंबात उतरलो. लग्नाआधी तरण्या पोरांनी निजायची ती झोपडी. (तिच्यातून आपण काय काय उद्योग केले ते तुम्हाला आठवत असेलच.) आता तिच्यात मी, माझी बायको, तिची औषधं आणि निरोप समारंभातलं भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ, ज्याला लावायला भिंतच पुरत नाही. अपोंडीचं पोटाचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. किसुमूच्या डॉक्टरांनी आता कापाकापीत अर्थ नाही असं सांगितलं. परत येताना बसमध्ये तिनं एवढंच विचारलं, 'घर कधी उभं राहायचं?' आपल्याकडे बाईला तिच्या घराशेजारी पुरतात. घर नसेल तर सासऱ्याच्या आवारात, कुंपणाकडेला, बिनलग्नाच्या पोरीसारखी. आणि तिथेच पुरलेल्या आईनं तिला मक्याच्या पिठाची उगाली घोटण्यावरून जन्मभर बोल लावले. (आईबद्दल वाईट बोलत नाही, पण लावले.) मेल्यावरही ते ऐकत पडायचं नाही, असं अपोंडीचं म्हणणं.

मग मी अक्कल लढवली. उतारावर कोंबड्यांचं खुराडं बांधतोय, असं जाहीर केलं. खुराड्याला कुणाची हरकत असणार? विटांचं बांधलं, पत्रा घातला, दोन खोल्या काढल्या. अपोंडी खुर्ची टाकून बसायची आणि खिडकी कुठे हवी ते हातानं दाखवायची. त्या दिवसांत ती जेवायचीसुद्धा. शेवटी तिनं हौसेनं निळे पडदे लावले आणि तिथेच आमचं बिंग फुटलं. न्यांग्वेसोकाका म्हाताऱ्यांचा ताफा घेऊन आले, काठीनं पडदा उचलला, आत पलंग पाहिला.

'ओग्वेनो, कोंबड्या पलंगावर निजतात का रे?'

'जातिवंत आहेत, काका.'

'आणि हे पडदे?'

'लाजाळू आहेत.'

कुणी हसलं नाही. काका म्हणाले, थोरल्याला ओलांडून घर केलं की घरच्या माणसाचं अंग वाळत जातं, विसरलास का? आणि त्यांनी अपोंडीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. ती आधीपासूनच वाळत होती, हे कुणाकुणाला सांगणार? निवाडा असा झाला की खुराडं म्हणालास ना, मग खुराडंच. तेव्हापासून त्या दोन खोल्यांत कोंबड्या राहतात आणि पडद्याआडून आमच्या झोपडीकडे बघतात. मधमाश्या प्रार्थनेला आलेल्या पाद्रीबाबांना चावून निघून गेल्या. संध्याकाळची शाळा भरते, पण मुलं पलंगावरच्या कोंबड्या बघायला येतात.

तुम्ही का बांधत नाही ते मला ठाऊक आहे. गावी घर बांधलं की माणूस त्यात मरायलाच येतो, असं तुम्ही दर वेळी फोनवर म्हणता. दादा, न बांधताही मरतात. मी रोज बघतोय.

बाकी विशेष काही नाही. लोभ आहेच, तो कधीतरी उपयोगात आणावा.

तुमचा धाकटा,
ओग्वेनो

ता. क. विशेष आहे. खांब तोडून ठेवलेत, छपराचं गवत वाळलंय. तुम्ही फक्त वहिनींना घेऊन या. साधी झोपडी एका दिवसात उभी राहते. एक रात्र दोघांनी आत निजायचं, एकमेकांकडे पाठ करून का होईना, आणि सकाळी खुशाल मोंबासाला परत जायचं. मग लगेच आमचा नंबर.

दुसरा ता. क. थोरला हयात नसेल तर धाकट्याची वाट मोकळी होते, हे काकांना विचारून घेतलंय. रविवारपर्यंत आला नाहीत तर चर्चमध्ये तुम्ही वारल्याचं जाहीर करीन. रडणं मला छान जमेल, सध्या सराव आहे.

तिसरा ता. क. अपोंडीनं पत्र वाचलं. वरचं खोडायला सांगितलं, मी खोडलं नाही. म्हणाली, 'थोरल्या भाऊजींना कशाला मारता? राहू दे आता. मला कुठेही पुरा, चालेल.' दादा, लग्न झाल्यापासून या बाईला 'कुठेही' कधी चाललेलं नाही. मला फार भीती वाटतेय. रविवारचं सोडा, आजच निघा.