चांगला मुलगा, चांगलं घर

वेस्टन क्रीक, नेब्रास्का
८ डिसेंबर १९९६

ती. ड्वेनदादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. म्हणजे बर्फ पडलंय, तुझ्या मेहुण्याचा, व्हर्ननचा, गुडघा धरलाय आणि तुझा भाचा डोक्यावर पडलाय.

डॅरिनला फुटबॉलच्या ड्राफ्टला, व्यावसायिक संघांच्या निवडीला, नाव द्यायचंय. याच वर्षी, कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून. डॅलसहून लॅम्बर्ट नावाचा एक एजंट येऊन गेला. बूट इतके चकाकत होते की आमचं कुत्रं त्यात स्वतःचं तोंड बघून भुंकलं. माझी खिमा-राजम्याची चिली त्यानं दोनदा वाढून घेतली आणि चिलीबरोबर सिनॅमन रोल हे कसलं खाणं म्हणून हसला. रोल मात्र तीन खाल्ले. मग म्हणाला, डॅरिनसारखा बचावातला लाइनबॅकर त्यानं उभ्या मुलखात पाहिला नाही. मी विचारलं, किती सामने पाहिलेत? तर म्हणाला, आकडे पाहिलेत.

तेव्हापासून पोराचे पाय जमिनीवर नाहीत. न्हावी केस कापायचे पैसे घेत नाही. व्हर्ननही धान्याच्या गोदामावर येईल त्याला पोरानं कुणाला कसं पाडलं ते टॅकल ऐकवतो. माणसं मका विकायला येतात आणि टॅकल ऐकून जातात.

दादा, मी कोचची मुलगी आहे. बाबांनी जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून आपल्याला बचाव शिकवलाय. पोरगं अजून कच्चं आहे हे मला दिसतं. नाव दिलं आणि कुठल्याच संघानं घेतलं नाही, तर कॉलेजच्या मैदानाचं दार परत उघडत नाही. मग जन्मभर ‘मी कोण झालो असतो’ ते सांगत बसेल. गावात असा एक आहे, बोलिंगच्या हॉलमध्ये बूट भाड्यानं देतो. दुसरा नकोय.

माझं ऐकत नाही. म्हणतो, आई, तुला त्यातलं काय कळतं. तू व्यावसायिक संघासाठी मुलं पारखत गावोगाव हिंडतोस, तुझं ऐकेल. त्याला असं पत्र लिही की ड्राफ्टचं नाव पुन्हा तोंडात येणार नाही. मुदत दहा जानेवारीपर्यंत आहे.

तुझा लोभ आहेच. या एका पत्रापुरता तो बाजूला ठेवावास, एवढीच विनंती.

तुझी,
अर्लिस


टल्सा, ओक्लाहोमा
१४ डिसेंबर १९९६

चि. सौ. अर्लिस हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लोभ बाजूला ठेवायचा तर आधी कुठेतरी सापडायला हवा. काळजी करू नकोस.

नातेवाइकाच्या खेळावर आमच्याकडे मत देता येत नाही, म्हणून चिरंजिवांची फाईल दुसऱ्याकडे आहे. पण कॅसेट बघायला बंदी नाही. या मोटेलच्या टीव्हीवर सगळ्यांचे चेहरे हिरवे दिसतात. तुझा मुलगा हिरवा नसता तरी फारसा बरा दिसला नसता.

आकड्यांचं म्हणशील, तर ते कोण लिहितं ते तुला ठाऊक आहे. मैदानाच्या माथ्यावर काचेच्या खोलीत बसलेली त्यांच्याच कॉलेजची माणसं. ढिगाऱ्यात दोघं दिसले की दोघांच्या नावावर टॅकल. तिसरा धापा टाकत आला आणि आपल्या पोरांपैकी लाडका असला, तर त्याच्याही नावावर. आपला डॅरिन लाडका आहे. घरच्या मैदानावर आकड्यांत तो राक्षस असतो. बाहेरगावी गेला की तोच डॅरिन निम्मा होतो. लॅम्बर्टच्या बुटांना हे दिसायचं नाही.

काल इथे एक मुलगा पाहिला. देखणा, नम्र, त्याच्या आईनं मला ॲपल पाय खायला घातला. रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘चांगला मुलगा, चांगलं घर.’ बस. आमच्या धंद्यात हे शब्द लिहिले की शवपेटीवर झाकण बसलं. बाबांचं आठवतं ना? ज्याला बाकावरच बसवायचंय त्याच्या पाठीवर थाप मारायचे, ‘शाबास, चांगला मुलगा आहेस.’ घरी गेल्यावर ते पोरगं आईला अभिमानानं सांगायचं.

असो. तुझ्या मुलाला पत्र टाकतो. असं लिहितो की लॅम्बर्टसुद्धा बूट काढून ठेवील.

तुझा दादा, हिरव्या टीव्हीसमोर,
ड्वेन


टल्सा, ओक्लाहोमा
१५ डिसेंबर १९९६

चि. डॅरिन यास,
अनेक आशीर्वाद. यापुढे त्यांची गरज पडेल.

तू ड्राफ्टला नाव देणार असं कळलं. कुठल्या खेळाच्या ड्राफ्टला, ते कळलं नाही. मी तुझे या मोसमातले सगळे सामने पाहिले. काही पुन्हा पाहिले, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

चेंडू हलला की तुझं पहिलं पाऊल मागे पडतं. प्रत्येक वेळी. समोरून माणूस चाल करून येतोय आणि हा त्याला वाट करून देतोय. मग पळतोस, गाठतोस, पाडतोस. पण तोवर त्याला जिथे जायचं होतं तिथे तो पोचलेला असतो. पाहुणे जेवूनखाऊन निघाले की दारात निरोप द्यायला उभा राहणारा यजमान असतो ना, तसा तुझा बचाव.

कोणी चेंडू देण्याचं नुसतं नाटक केलं तरी तू फसतोस. एकदा फसलास, समजू शकतो. कॅन्ससच्या पोरांनी तेच नाटक परत केलं, तू परत फसलास, आणि तिसऱ्यांदा त्यांनाच लाज वाटली म्हणून त्यांनी दुसरं काहीतरी केलं.

माणूस पाडताना मान खाली घालतोस. पाडायचं त्याला बघायचं असतं, गवत नंतर बघता येतं. तुला अडवायला येणाऱ्या धिप्पाड पोराच्या हातात एकदा सापडलास की तिथेच राहतोस, नाचायला घेतल्यासारखा. हात आखूड आहेत. हा दोष तुझा नाही, आमच्या घराण्याचा आहे, पण म्हणूनच हात आधी उचलायला हवेत, आणि तू ते हॉटेलचं बिल उचलायचं असल्यासारखे उशिरा उचलतोस. पास अडवायला मागे वळायची वेळ आली की तुझी कंबर गोदामाच्या दारासारखी वळते. ओहायोविरुद्धच्या सामन्यात शेवटी शेवटी तू दमून कमरेवर हात ठेवून उभा होतास. दमायला हरकत नाही, पण समोरच्याला ते सांगत उभं राहू नये. त्यांनी लगेच तुझ्याच अंगावर चाल केली. मीही तेच केलं असतं.

आणखी बरंच आहे, पण मोटेलचा कागद संपला.

तुझ्या आईच्या हातचे जॅम भरलेले कोलाचे तुझ्याआधी मला आठवतात, हे ध्यानात असू दे.

मामा


वेस्टन क्रीक
२३ डिसेंबर १९९६

ती. ड्वेनमामास,
सा. न. वि. वि.

मामा, तुमचं पत्र मिळालं आणि मी स्वयंपाकघरात ओरडून उडीच मारली. आईला वाटलं, रडतोय.

दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद! कॅन्ससची दोन्ही नाटकं लक्षात ठेवलीत! आजोबा मला शाळेत असताना सांगायचे की कोच ओरडायचा थांबला की समजावं, त्यानं तुला सोडून दिलं. माझ्यासमोरच त्यांनी आमच्या शेजारच्या केंटच्या पाठीवर थाप मारली आणि चांगला मुलगा म्हणाले. केंटनं त्या वर्षी बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या. मला मात्र ते गाडीतसुद्धा शिव्या घालायचे. तुम्ही मला जे लिहिलंत ते ज्याच्यात काही नाही त्याला कोण लिहील?

लॅम्बर्ट गोड बोलतो, त्याचा मला कंटाळा येऊ लागला होता. खरं सांगायचं तर जरा भीतीच वाटत होती. तुमच्या पत्रानं ती गेली. नाताळ झाला की फॉर्म भरतो. पहिल्या पावलाचं एप्रिलमधल्या ड्राफ्टपर्यंत बघतो.

तुमच्या शिव्या अशाच राहोत, ही नम्र मागणी.

तुमचा,
डॅरिन


वेस्टन क्रीक
२७ डिसेंबर १९९६

ती. दादास,
नमस्कार. शिरसाष्टांग घालायची इच्छा नाही.

तुला विस्तव विझवायला बोलावलं तर तू तूप घेऊन आलास. पोरानं तुझं पत्र फ्रिजच्या दारावर लावलंय. येईल त्याला वाचून दाखवतो. ‘निरोप देणारा यजमान’ आला की न्हावी टाळ्या वाजवतो. व्हर्नन म्हणतो, ड्वेन एवढं बघतोय म्हणजे नक्कीच काहीतरी शिजतंय.

त्याच्या आजोबांचे आपण मुलगा-मुलगी. गाडीच्या मागच्या सीटवर बसून आपण त्यांच्या त्याच शिव्या खाल्ल्या, आणि दोघांपैकी एकालाही सुचलं नाही की हा पोरगा पत्र उलटं वाचेल. म्हणजे सुलटं. मला आता काही कळेनासं झालंय.

एप्रिलपर्यंत पाऊल सुधारतो म्हणे! जे पाऊल तीन वर्षं मागे पडतंय ते तीन महिन्यांत पुढे पडणार? त्याला एक वर्ष हवंय, दादा. एक पूर्ण वर्ष, शिव्या देणाऱ्या माणसांच्या हाताखाली. आणि ते वर्ष तो फॉर्म भरून टाकून देतोय.

काय लिहायचं ते तुला ठाऊक आहे. मी सांगणार नाही. आई आहे मी त्याची.

राग आहे; लोभ त्याच्याच खाली कुठेतरी असेल.

अर्लिस


लबक, टेक्सास
१ जानेवारी १९९७

चि. डॅरिन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागचं पत्र उगाच लांबलं. तुझ्या कॅसेट पुन्हा पाहिल्या. विशेष लिहिण्यासारखं काही नाही.

तू चांगला मुलगा आहेस. घरही चांगलं आहे. आईवडिलांना जप.

तुझा,
ड्वेनमामा


वेस्टन क्रीक
११ जानेवारी १९९७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं. पाकीट पातळ लागलं तेव्हाच त्याचा चेहरा उतरला. अंगणात बर्फात उभ्यानंच वाचलं. कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का. मग पाकिटात बोट घालून पाहिलं. मी खिडकीतून बघत होते आणि हातातली बशी पुसून पुसून झिजवत होते.

आत आला, फ्रिजवरचं लांब पत्र काढलं, दोन्ही खिशात ठेवली. जेवताना व्हर्ननला म्हणाला, कॉलेजात परत जातो, डिग्री तरी होईल. लॅम्बर्टचा फोन आला तर त्याला हे एका वाक्यात सांगितलं. त्या माणसानं आवाज इतक्या पटकन थंड केला म्हणे की कानाला गारवा लागला. न्हाव्यानंही केसांचे पैसे पुन्हा घ्यायला सुरुवात केलीय.

मुदत काल संपली. मी जिंकले. घरात मात्र कोणी वारल्यासारखं आहे. पहाटे उठून तो गोदामामागच्या मोकळ्या जागेत जातो. परवा मी कोलाचे घेऊन गेले तर एकटाच उभा होता. समोर चेंडू नाही, माणूस नाही. पुढे एक पाऊल टाकायचा, परत जागेवर यायचा, पुढे एक पाऊल टाकायचा. मी कोलाचे कुंपणावर ठेवले आणि परत आले.

दादा, तू लिहिलेल्या दोन पत्रांपैकी खरं कोणतं? तो विचारणार नाही, बाबांवर गेलाय. मी विचारते. आणि दुसरं खरं असेल, तर मला कळवू नकोस.

लोभ असू दे. आम्हा दोघांवरही.

अर्लिस


लिंकन, नेब्रास्का
१४ सप्टेंबर १९९७

चि. डॅरिन यास,
आशीर्वाद वगैरे.

काल तुमचा पहिला सामना पाहिला. सगळ्यात वरच्या रांगेत बसलो होतो, टोपी डोळ्यांवर ओढून, म्हणजे नातं उघड व्हायला नको. तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. ती खाली ओरडत होती ते तिथपर्यंत ऐकू येत होतं.

पहिलं पाऊल आता मागे पडत नाही. त्याबद्दल शाबासकी मागू नकोस, कारण बाकीचं अंग अजून त्या पावलाच्या मागेच आहे. पाऊल वेळेवर पोचतं, हात पुढच्या बसनं येतात. पहिल्या सत्रात डाव्या बाजूला तू माणसाच्या आधी पोचलास, अगदी आधी, आणि मग त्याची वाट बघत उभा राहिलास. लवकर पोचायची सवय नाही हे दिसतं. पोचल्यावर थांबायचं नसतं, मूर्खा, त्याच्यातून आरपार जायचं असतं.

मान अजून खाली जाते. कंबर अजून गोदामाचं दार. तेल घातलंय, पण कुरकुर येते. एकदा नाटकाला फसला नाहीस आणि स्वतःवर इतका खूष झालास की पुढचा चेंडू तुझ्या शेजारून गेला. शेवटी दमलास तेव्हा कमरेवर हात ठेवले नाहीस, गुडघ्यांवर ठेवलेस. कुठेच ठेवू नकोस. तुला हात दिलेत ते ठेवायला नव्हेत.

दुसऱ्या सत्राबद्दल मागच्या पानावर लिहिलंय, तिसऱ्याबद्दल सोबतच्या कागदावर. चौथ्यासाठी मोटेलवाल्याकडे आणखी कागद मागितलेत. पुढच्या शनिवारी परत येतोय आणि टोपी तीच असेल, वर बघत बसू नकोस.

लोभ मागायची तुझी अजून लायकी नाही.

मामा

ता. क. जानेवारीत मी तुला एक छोटं पत्र लिहिलं होतं. अजून खिशात असेल तर फाडून टाक. आणि आईला सांग, तिच्या प्रश्नाचं उत्तर या पाकिटाच्या वजनात आहे.