ओळ तू दे

प्रिय डेल्फा,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. नेहमीसारखी दोन वाक्यं आणि खाली नाव. फ्रिजच्या दारावर लावलंय, दूध काढताना रोज वाचतो. या पत्राला मात्र तसलं उत्तर पाठवू नकोस. मला तुला मे महिन्यात घरी बोलवायचंय. कशासाठी ते शेवटी लिहीन, कारण आधी लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. आणि तू मधली पानं गाळायची नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. गोष्टीचा शेवट आधी वाचणाऱ्यांना तू चोर म्हणायचीस.

ओढ्याकाठचं रेडबडचं झाड यंदा पानं फुटायच्या आधीच अंगभर गुलाबी झालंय. सकाळी खोऱ्यात धुकं इतकं दाट असतं की कुंपणापलीकडची गाय दिसत नाही, नुसती तिची घंटा चालत जाते. मग मला मिस आर्डिथनं शाळेत पाठ करून घेतलेल्या कविता आठवतात. धुक्याची वेगळी, चूल पेटवतानाची वेगळी. परवा दुकानात रांगेत उभा राहून एक पुटपुटत होतो, तर पुढच्या बाईनं आपली जागा मला दिली. तिला वाटलं, माझी तब्येत बिघडली. मी कडव्याच्या मध्यावर होतो, थांबवेना. मान डोलावून पुढे झालो आणि पैसे देता देता कडवं संपवलं.

आता बातमी. मी कॉलेजात जातो. हसून घे, मी थांबतो. कोळशासाठी ज्या डोंगराचा माथा कापून सपाट केला ना, तिथं आता कम्युनिटी कॉलेज आहे. खालच्या मजल्यावर पोरं वेल्डिंग शिकतात, मधल्यावर मुली नर्सिंग शिकतात आणि वरच्या मजल्यावर मी संगीत शिकतो. माझ्या वयाच्या माणसांना फी नाही. ऑफिसातल्या पोरीनं विचारलं, पुढे काय करायचा विचार आहे? म्हटलं, बाई, माझं पुढचं बरंचसं मागेच होऊन गेलंय. तरी तिनं काहीतरी लिहून घेतलं.

याचं कारण ब्रदर एल्झी. ते गेल्या पानगळीत गेले, तुझ्या लेकीनं, मार्सीनं, सांगितलं असेलच. रविवारच्या प्रार्थनासभेत शेवटपर्यंत तेच गाण्याची ओळ आधी म्हणून देत होते. आवाजाची पार चाळण झाली होती, पण ओळ देताना डोळे मिटले की खोलीतली खोकणारी माणसंसुद्धा गप्प व्हायची. ते गेल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही जेमतेम दोन बाकं भरतील इतकी माणसं जमलो आणि एकमेकांकडे बघत बसलो. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण जुन्यांतला मीच. मी उठलो, पुस्तक उघडलं. शब्द समोर होते, सूर घशाशी होता. तोंड उघडलं तर नुसती हवा. पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा हवा. मागच्या बाकावरचा लूथर म्हणाला, "बस रे हर्शेल, प्रार्थनाच म्हणू या. जेवण गार होतंय." सगळ्यांनी ते मायेनंच घेतलं. पण घरी येताना मला पहिल्यांदा नीट कळलं की जन्मभर गायलो ते कुणाच्या तरी मागून. कुणी ओळ दिली तर मी ती अशी उचलीन की छताच्या फळ्या हलतील. सुरुवात मात्र मला येत नाही. म्हणून म्हटलं, ती कुठं शिकवतात का बघावं.

तिथं बाकी सगळं शिकवतात. बाई चांगल्या आहेत, मिस कोल्सन. आपल्या मार्सीपेक्षाही लहान असतील. कागदावर सूर काळ्या ठिपक्यांनी लिहिलेले असतात, ते बघून गायचं असतं आणि टेबलावर ताल मोजणारं यंत्र टकटक करत असतं. ठिपके मला ओळखू येतात, पण ओळखेपर्यंत ते निघून गेलेले असतात. मिस कोल्सन म्हणतात, "मिस्टर स्लोन, तुम्ही एक श्वास घेता तेवढ्यात बाकीचे गाणं संपवून पार्किंगमध्ये पोचतात." वर्गातली पोरं मला पॅपॉ म्हणतात, मी कुणाचाच आजोबा नसताना. हिरव्या केसांची एक टेसा आहे, ती पियानोवर माझ्या शेजारी बसते. पहिल्याच दिवशी माझे हात बघून म्हणाली, "पॅपॉ, ही बोटं आहेत का कुदळी?" आता ती रोज माझ्यासाठी घरून मक्याच्या पावाचा तुकडा आणते. तिच्या आजीची कृती आहे, पण आजी पिठात साखर घालते. मी तो ताकात बुडवून खातो, म्हणजे साखर लागत नाही.

त्यांना एकदा मी आपल्याकडच्या गाण्याचं सांगितलं. आपल्या सभेत पियानो नाही, गिटार नाही, पुस्तकात ठिपकेही नाहीत, नुसते शब्द, हे त्यांना खरंच वाटेना. म्हटलं, एक माणूस उभा राहून ओळ देतो, भराभर, बोलल्यासारखी. मग बाकीचे तीच ओळ उचलतात, पण सावकाश, वळणं घेत, जो तो आपल्या वळणानं. ती संपली की पुढची ओळ. टेसानं विचारलं, दिलेली ओळ कुणी उचललीच नाही तर? मी म्हटलं, असं होत नाही.

डेल्फा, तुला घेवड्याचे वाफे आठवतात? मला हल्ली दुसरं फारसं आठवत नाही. तू पलीकडच्या सरीत, डोक्याला आईचा रुमाल, मी अलीकडच्या सरीत, अर्धी टोपली भरली की कंटाळणारा. तू वेलांआडून ओळ द्यायचीस. मला दिसायचा फक्त रुमाल. 'नदी खोल आहे, पण पाणी ओळखीचं.' मी उचलायचो. तुला ठाऊक होतं की ओळ लवकर दिली तर माझे हात लवकर चालतात, म्हणून माझी सरी मागे पडली की तू घाई करायचीस, आणि मी गाता गाता पुढे आलेला असायचो. मला ते कळायचं, आणि तरीही मी फसायचो. आई पडवीत बसून शेंगा दोऱ्यात ओवायची. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज येऊन मिळायचा, खालून, ओढ्यातून आल्यासारखा. एकदा ती शेजारच्या लोवीमावशीला म्हणाली, "ही मुलगा असती तर एल्झीला घरी बसावं लागलं असतं." मावशी हसली. तू हसली नाहीस. बायका ओळ देत नाहीत हे आपल्याला कुणी कधी शिकवलं नव्हतं. बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे, तसं ते होतं. रविवारी तू डावीकडे बसायचीस, पुस्तक मिटून. तुला ते उघडायची गरजच नसायची. ब्रदर एल्झी एखादा शब्द विसरले की तुझे ओठ हलायचे. ते मला उजवीकडून दिसायचं.

आता वर्गात माझं काय झालं ते ऐक. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आणि तू ते मार्सीला सांगायचं नाहीस. फेब्रुवारीत एका सकाळी मिस कोल्सन फळ्यावर लहान मुलांचा एक सोपा धडा लिहून शिकवत होत्या. आधी त्यांनी तो स्वतः गाऊन दाखवला, म्हणजे आम्ही ऐकून घ्यावं, मग ठिपके बघावेत. शब्द काय, तर 'कोंबडा आरवला, उठा आता.' मी ठिपक्यांकडे बघत नव्हतो. बाहेर बर्फ पडत होता आणि मी कुठल्याशा कवितेत होतो. त्यांनी ओळ गायली आणि थांबल्या. आणि मी उभा राहिलो, डेल्फा. मला माहीतच नाही मी कधी उभा राहिलो. ती ओळ मी उचलली. अशी उचलली की जणू तो कोंबडा कालच वारला आणि आपण सगळे त्याला माती द्यायला जमलोय. 'आरवला'वर मी तीन वळणं घेतली. यंत्र बिचारं टकटक करत राहिलं. 'उठा आता'ला पोचेपर्यंत पोरं हसून बाकांवर आडवी झाली होती. मला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं. उचललेली ओळ अर्ध्यावर टाकता येते का? ती संपवली आणि मी तसाच उभा राहिलो, पुढच्या ओळीची वाट बघत, सवयीनं.

मिस कोल्सन हसल्या नव्हत्या. त्यांनी हात पुढे करून ते यंत्र बंद केलं. माझ्याकडे बघितलं. मग पुढची ओळ दिली, धड्यातलीच, 'गाय हंबरली, दार उघडा.' पण या वेळी भराभर, बोलल्यासारखी, अगदी द्यायची तशी. मी उचलली. आणि माझ्या शेजारून टेसा आली, चुकत, अडखळत, माझ्या मागून. मग मागचा एक जाडा पोरगा आला. मग सगळे. कुणाचं वळण कुणाशी जुळत नव्हतं, म्हणजे ते बरोबरच होतं. खिडकीच्या काचा थरथरल्या. कोंबडा, गाय, दार, सगळं झालं, धडा संपला, आणि टेसा म्हणाली, "पॅपॉ, तुम्ही रडताय."

मी म्हटलं, खडूची धूळ. तो फळा पांढरा आहे, त्यावर शाईनं लिहितात. पण पोरगी शहाणी, तिनं मान डोलावली.

तास झाल्यावर मिस कोल्सननी विचारलं, तुम्हाला ओळ कोण द्यायचं? मी म्हटलं, ब्रदर एल्झी. गाडीत बसलो, डोंगर उतरलो, पुलापाशी आलो, आणि गाडी बाजूला घेऊन थांबलो. ब्रदर एल्झींची ओळ मी रविवारी उचलायचो. आठवड्याचे बाकीचे दिवस तुझीच उचलायचो. आणि त्या सकाळी एका बाईनं ओळ दिली तेव्हा मी क्षणभरही अडलो नाही, कुणाकडे बघितलं नाही, बाईची ओळ उचलायची का, कशी, हे मनातसुद्धा आलं नाही. पाय आपोआप उभे राहिले.

आईच्या दफनाचं तू मला कधी सांगितलं नाहीस. मी जर्मनीत होतो, लष्करात. तार मिळाली तेव्हा तिला माती देऊन आठवडा झाला होता. परत आलो तोवर तू रॉयबरोबर डेटनला निघून गेली होतीस आणि घरात तुझ्या खोलीत बटाटे ठेवले होते. मला सांगितलं लोवीमावशीनं. टेकडीवर वारा होता, म्हणाली. ब्रदर एल्झी आईच्या आवडीचंच गाणं देत होते आणि दुसऱ्या कडव्याला त्यांच्या तोंडून ओळ फुटेना. सगळे थांबले. मग डावीकडून तू दिलीस. स्वच्छ दिलीस, म्हणाली, खाली रस्त्यावर ऐकू गेली असेल. आणि मग मावशी म्हणाली, "कुणी उचललीच नाही रे. वाईट मनात नव्हतं कुणाच्या. एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो, तेवढ्यात ती विरून गेली." तू हातमोजे घातलेस आणि टेकडी उतरलीस. ती म्हणाली, त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात ती ओळ कितीदा तरी उचलली असेल, पण काय उपयोग. मावशी गेली, ब्रदर एल्झी गेले. आता ते आठवणारं इथं कुणी नाही. तुला आठवतं आणि मला, जो तिथं नव्हताच.

दोन वर्षांपूर्वी मार्सी फोनवर सहज म्हणाली, "आमच्या आईला गाता येत नाही, मामा." मी म्हटलं, हो का? आणि हवेबद्दल बोललो. फोन ठेवल्यावर पडवीत जाऊन बसलो. समोर घेवड्याच्या जागेवर आता नुसतं गवत आहे. गाता येत नाही! मला वाटलं, जाऊन त्या गवताला तरी विचारावं.

तर आता कशासाठी ते. मेच्या शेवटच्या शनिवारी दुपारी कॉलेजच्या सभागृहात आमचा कार्यक्रम आहे. प्रत्येकानं आपलं एक गाणं म्हणायचं. टेसा पियानो वाजवणार आहे, जाडा पोरगा गिटार. मिस कोल्सननी विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझं गाणं एकट्याचं नाही, त्याला दोन माणसं लागतात. त्यांनी दोन नावं लिहून घेतली, तुझं आधी. तिथं डावी-उजवी बाजू नाही, सगळे कुठंही बसतात. आणि वरून, पार्किंगच्या टोकावरून, आपली टेकडी दिसते, मी बघून ठेवलंय. मार्सी गाडी चालवील. बटाटे मी हलवले, खोलीला रंग दिला, आईची गोधडी उन्हात घातली. आवाज राहिला नाही असं म्हणू नकोस, माझाही राहिलेला नाही, आणि ओळ द्यायला आवाज लागतच नाही, ती भराभर, बोलल्यासारखीच द्यायची असते. मी सुरुवात करणार नाही, डेल्फा. ती शिकायला गेलो होतो, आली नाही, आणि आता यावी असंही वाटत नाही. मी तुझ्या शेजारी उभा राहीन, तोंड मिटून, कितीही वेळ गेला तरी. तू फक्त आईच्या गाण्यातली तीच ओळ दे, टेकडीवर राहिलेली. या वेळी मी आहे.

तुझ्या मागून गाणारा,
तुझाच,
हर्शेल